बाळ वाढंना झालंय

खानापूरकडून, हुक्केरी-चिक्कोडीकडून, कधी पलीकडच्या चंदगडहूनही बायका येतात, आणि टेबलावर आडव्या होता होताच सांगून टाकतात, "मॅडम, बाळ वाढंना झालंय म्हटलेत." कोणी म्हटलं ते बहुधा सांगत नाहीत. उपकेंद्रातल्या सिस्टरनं पोटाला टेप लावून पाहिलेलं असतं, किंवा आधीच्या एखाद्या रिपोर्टात वजनाचा आकडा कमी आलेला असतो. पण हे सांगताना बाईची नजर खाली जाते. तिच्यावर काही आळ आलाय आणि तो तिनं कबूल करून टाकलाय, असं तिला पाहून वाटतं. सोबतची सासू किंवा नणंद लगेच पुस्ती जोडते, "खातच नाही हो. ताटात वाढलेलं तसंच ठेवते."

मी बेळगावात सोनोग्राफी करते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, तरी प्रत्येक वेळी आतून चीड येते. ती त्या सासूबद्दल नसते. तीही काळजीनंच बोलत असते, तिच्या वेळी तिलाही असंच ऐकवलेलं असतं. चीड येते ती या समजुतीची, की पोटातलं बाळ लहान राहिलं म्हणजे आईनं खाण्यात कुचराई केली. आईच्या अंगात रक्त कमी असेल, तिला पोटभर मिळत नसेल, तर त्याचा परिणाम होतोच. पण नीट वाढणारं बाळ मध्येच वाढायचं थांबतं, तेव्हा पुष्कळदा कारण ताटात नसतं, वारेत असतं, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोषण पोचवणाऱ्या प्लासेंटात. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या बारीक धमन्या रुंद आणि सैल व्हायला लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही जणींत त्या नीट रुंदावत नाहीत. मग वार उपाशी राहते, आणि वारेवर जगणारं बाळही. पुढे त्याच बाईचं बीपी चढतं, तेही कित्येकदा याच मुळातून. यात तिनं भाकरी अर्धी खाल्ली की पाऊण, याचा हिशेब कुठे बसतो?

लहान असणं आणि उपाशी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच, पण ते नीट सांगायचं तर थोडं सविस्तर बोलावं लागेल.

त्याच आठवड्याच्या शंभर बाळांत वजनानं खालच्या दहांत जे बाळ येतं, त्याला आम्ही लहान म्हणतो. आता शंभरांत खालचे दहा असणारच. आई चार फूट दहा इंच, बाप तसाच लहानखुरा, तर बाळ कुठून धिप्पाड येणार? अशी बाळं आपल्या मापानं छान वाढत असतात. त्याच दहांत काही बाळं अशीही असतात, की त्यांना मोठं व्हायचं होतं आणि होता आलं नाही. वजनाच्या आकड्यावरून ही दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्याला काही करायचं नसतं. दुसऱ्याला वेळेवर बाहेर काढलं नाही, तर ते पोटातच जाऊ शकतं.

त्याआधी आणखी एक अडचण असते, तारखेची. "शेवटची पाळी कधी आली होती?" असं विचारलं, की कुणी गणपतीच्या आधी म्हणतं, कुणी यल्लम्माच्या जत्रेच्या आसपास. जत्रेची पौर्णिमा कॅलेंडरवर सापडते, पण 'आसपास' म्हणजे दहा दिवस अलीकडे की पलीकडे? बत्तीस आठवड्यांचं बाळ समजून मोजावं आणि ते खरं तर एकोणतिसाचं असावं, असंही होतं. मग न वाढलेलं बाळ आणि नुसतं वयानं लहान बाळ यांत फरक करायचा कसा? अकरा ते तेरा आठवड्यांत केलेली पहिली सोनोग्राफी वय आठवड्याभराच्या चुकीत सांगते. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा केली, तर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. आमच्या भागात साखर कारखाने जागोजागी आहेत. हंगामात ऊसतोडीला बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, त्यांत गरोदर बायका असतात. फडावर कोयता चालवून आलेली बाई मला सांगते, पहिला रिपोर्ट गावी ट्रंकेत आहे. त्या ट्रंकेतल्या एका कागदावर माझं निम्मं निदान अवलंबून असतं.

असो. तारीख पक्की आहे, बाळ लहान आहे, आता पुढे काय? इथे डॉप्लर येतं, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणारी सोनोग्राफी.

ख्रिश्चन डॉप्लर हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ. १८४२ साली प्रागमध्ये त्यानं जोडताऱ्यांच्या रंगांवर एक निबंध वाचला. उगम जवळ येत असेल किंवा दूर जात असेल, तर त्याच्या लहरींची वारंवारता बदललेली भासते, असा त्याचा सिद्धांत. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलटनं चालत्या आगगाडीत तुतारीवाले बसवून तो पडताळून पाहिला. गर्भाचा, रक्ताचा, आईचा त्यात कुठे संबंध नव्हता. तिथून १९७७ उजाडावं लागलं. त्या साली डब्लिनमध्ये फिट्झजेरल्ड आणि ड्रम यांनी आईच्या पोटावरूनच, सुई-बिई न टोचता, नाळेतल्या रक्तप्रवाहाची लहर पकडून दाखवली. धावणाऱ्या रक्तपेशींवरून ध्वनिलहर परतते तेव्हा तिची वारंवारता किंचित बदलते. हा बदल नेमका माणसाच्या कानाला ऐकू येईल एवढाच असतो. म्हणून डॉप्लर दिसतंही आणि ऐकूही येतं.

नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. धमन्या बाळाकडून वारेकडे रक्त नेतात, शीर शुद्ध रक्त घेऊन परत येते. मी नाळेचा मोकळा तरंगणारा वेढा शोधते. बाळाच्या बेंबीशी मोजलं तर आकडा वेगळा येतो आणि वारेशी मोजलं तर आणखी वेगळा, म्हणून मधला. बाळ हलत असेल, उचकी लागली असेल, छातीनं श्वासाची हालचाल करत असेल, तर थांबायचं. घाई केली की लहर वेडीवाकडी येते आणि आकडा खोटा. आईला सांगते, "जरा श्वास रोखून धर गं." खोलीतला पंखा सुद्धा तेव्हा मोठ्यानं फिरतोय असं वाटतं. मग पडद्यावर एकसारखी शिखरं उमटायला लागतात आणि स्पीकरमधून सप्-सप्-सप् असा आवाज येतो. त्याच्या मागे शिरेची संथ घरघर. बायका विचारतात, "हे काळीज काय बाळाचं?" हो म्हणते मी. ठोका काळजाचाच असतो तो.

शिखर म्हणजे बाळाचं हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा वेग. दोन शिखरांमधली दरी म्हणजे हृदय विसावा घेतं तेव्हाचा. निरोगी वारेत या विसाव्याच्या क्षणीही रक्त पुढे वाहतच असतं, कारण वारेतल्या असंख्य बारीक फांद्या मोकळ्या असतात. शिखराच्या वेगातून दरीचा वेग वजा करायचा आणि सरासरी वेगानं भागायचं, की पल्सॅटिलिटी इंडेक्स मिळतो. यात एक सुंदर सोय आहे. नाळ कुठल्या कोनात पडलीय हे बाळ ठरवतं, मी नाही. कोन बदलला की वेगाचा आकडा बदलतो. पण भागाकारात तो कोन वर आणि खाली दोन्हीकडे असल्यामुळे कटून जातो. म्हणूनच बेळगावात काढलेला आकडा मिरजेतल्या डॉक्टरला तसाच वाचता येतो.

वार खराब व्हायला लागली की हा आकडा चढतो. उसाच्या रानात पाटाचं पाणी सोडल्यावर पुढच्या सऱ्या मोकळ्या असतील तर पाणी सरसर जातं. सऱ्या गाळानं भरत गेल्या की पाटात पाणी तुंबतं, आणि सगळ्याच बंद झाल्या तर उलट मागे सरकतं. वारेचं तसंच. तिच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रक्तवाहिन्या निकामी झाल्या की इंडेक्स बिघडलेला दिसू लागतो, असं मानतात. निम्म्याहून पुष्कळ जास्त गेल्या की दरीतला प्रवाह शून्यावर येतो, आणि शेवटी उलटा वाहतो. शिखर वर, मग सपाट रेघेला टेकलेली दरी, हे चित्र पडद्यावर आलं की मी बोलायची थांबते. आई लगेच ओळखते.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण बाळ निमूट बसलेलं नसतं. मला या सगळ्यात सर्वांत भिडतो तो भाग हाच. रक्त कमी पडतंय हे कळलं की बाळ ते वाटून घेतं. मेंदूकडे जाणाऱ्या वाटा रुंद करतं, हृदयाकडे आणि मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींकडे प्रवाह राखतं, आणि आतडी, मूत्रपिंडं, हातपाय यांचा वाटा कापतं. मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेलं की लघवी कमी होते, म्हणून बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. "पाणी कमी पडलंय म्हणून पाणी पी" असं घरोघर सांगतात, पण तांब्याच्या तांब्यांनी पाणी प्यायलं तरी मूळ दुखणं हटत नाही, कारण ते वारेत असतं. मेंदूच्या मधल्या धमनीत, कवटीच्या तळाशी, प्रोब (पोटावर टेकवायचा मशीनचा दांडा) फार न दाबता लहर घेतली की दिसतं, इथे दरी भरून आलीय, प्रतिकार उतरलाय. पाहणाऱ्याला वाटावं, वा, मेंदूला छान रक्त मिळतंय! खरं तर ती संकटकाळची तजवीज असते. मेंदूच्या आकड्याला नाळेच्या आकड्यानं भागलं आणि उत्तर एकच्या खाली आलं, की आमचे कान उभे राहतात. बत्तीस आठवड्यांनंतर सुरू होणाऱ्या बिघाडात तर नाळेचं डॉप्लर कित्येकदा सरळ येतं आणि मेंदूचंच काय ते बोलतं. त्यामुळे रिपोर्टात फक्त नाळेचा आकडा बघून "डॉप्लर नॉर्मल" म्हणणं मला पटत नाही. निदान शेवटच्या दोन महिन्यांत तरी नाहीच.

(पडद्यावरचा लाल-निळा रंग म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त नव्हे. प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं, एवढंच. "निळं रक्त दाखवलं" म्हणून रडत आलेल्या बायका मी पाहिल्यात.)

शेवटची वाट डक्टस व्हेनोससची. यकृताजवळची दोनेक मिलिमीटरची ही शीर नाळेतलं शुद्ध रक्त थेट हृदयाकडे नेते. तिच्या लहरीतली एक दरी खोल जाऊ लागली, की हृदयच थकायला लागलंय असं समजायचं. युरोपातल्या ट्रफल नावाच्या अभ्यासात २६ ते ३२ आठवड्यांच्या ५०३ गर्भवतींना घेतलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. या शिरेत ठळक बिघाड दिसेपर्यंत, हृदयाच्या ठोक्यांवर संगणकानं नजर ठेवत, थांबलेल्या गटातली जी बाळं जगली, त्यांची दोन वर्षांच्या वयाची मेंदूची वाढ अधिक चांगली दिसली. म्हणजे लवकर काढणं हेच नेहमी शहाणपणाचं असतं असं नाही. एकोणतिसाव्या आठवड्यात गर्भातला एकेक दिवस मोलाचा असतो, आणि तोच दिवस जिवावर उठणाराही असू शकतो. डॉप्लर या दोन भीतींच्या मध्ये उभं राहून दिवस मोजायला मदत करतं.

कणकुंबीच्या बाजूची एक बाई भर पावसाळ्यात आली होती. पहिलटकरीण, पायांना सूज, बीपी चढलेलं, एकोणतीस पूर्ण होऊन थोडे दिवस वर. पहिली सोनोग्राफी वेळेवर झालेली, तायी कार्डात, म्हणजे कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदींच्या कार्डात, तिची तारीख स्वच्छ लिहिलेली. त्या आशाताईचे मी मनोमन पाय धरले. बाळ किलोच्या खाली, नाळेच्या धमनीत विसाव्याच्या वेळी प्रवाह नाही, मेंदूकडे वाट रुंद झालेली, डक्टस अजून ठीक. नवरा म्हणाला, "खरं मॅडम, सातव्यात काढलेलं जगतंय म्हणत्यात. आठव्यात जगत नाही." हा समज आमच्याकडे घट्ट आहे आणि पूर्ण चुकीचा आहे. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा साधारणपणे जास्त सावरलेलं असतं. त्यांना खुर्चीवर बसवून मी तिच्याच लहरीचा कागद दाखवला. ही दरी भरलेली असायला हवी होती, ती रिकामी आहे. उलटी गेली तर लगेच काढावं लागेल. तोवर दवाखान्यात राहा. इंजेक्शनं देतील, त्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतील. दर दोन-तीन दिवसांनी बघू. सासूबाई मराठीत ऐकत होत्या आणि तिच्या आईला कन्नडमध्ये सांगत होत्या. दोन्ही म्हाताऱ्यांनी ते माझ्यापेक्षा सोपं करून मांडलं.

ती भरती झाली. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. मग सुरू झालं ते वाट बघणं. ते करायला घरच्यांना जे धैर्य लागतं, त्याची नोंद कुठल्याच केसपेपरात होत नाही. रोज कुणीतरी विचारायचं, "आज काय?" आणि उत्तर असायचं, "कालच्यासारखंच." कालच्यासारखंच ही त्या वॉर्डातली सर्वांत चांगली बातमी होती. बत्तिसावा लागला आणि सिझेरियन झालं. मुलगी, अकराशे ग्रॅमच्या आसपास, रडली. काचेच्या पेटीत पुष्कळ दिवस होती, मध्ये आतड्याच्या त्रासामुळे दूध थांबवावं लागलं, कावीळ झाली. आईनं तिला उघड्या छातीवर धरून तासन्‌तास बसून काढले. आता ती चालते, जरा उशिरा चालायला लागली. चष्मा आहे. बोलायला चलाख आहे. ती शाळेत गेल्यावर काय होईल ते मला आज सांगता येत नाही, आणि तिच्या आईलाही मी तसं खोटं सांगितलेलं नाही.

तिच्याच आगेमागे दुसरी एक होती, बारीक अंगाची. बाळ तसंच लहान, पण सगळी डॉप्लर निर्मळ, पाणी व्यवस्थित, दोन आठवड्यांनी पाहिलं तर आपल्या रेषेला धरून वाढलेलं. तिला सांगितलं, तुझं बाळ तुझ्यावर गेलंय. ती म्हणाली, "मग माझी चूक नाही?" ती हे सासूसमोर म्हणाली, आणि सासू काही बोलली नाही.

डॉप्लरनं खरंच जीव वाचतात का, हे विचारायलाच हवं. ज्यांच्यात धोका आहे अशा १० हजारांहून जास्त गर्भवतींवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा डॉप्लर वापरल्यानं जन्माच्या आगेमागे होणारे बाळांचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. मात्र ज्यांना काही धोका नाही, त्या सरसकट सगळ्यांचं डॉप्लर करून असा फायदा दिसलेला नाही. तेव्हा 'पॅकेज'मध्ये प्रत्येकीचं कलर डॉप्लर लावणं मला मान्य नाही. पण धोका कुणाला आहे हे खेड्यात ओळखायचं कसं? दक्षिण आफ्रिकेत अम्बिफ्लो नावाचं एक साधं उपकरण तयार झालंय. त्यात चित्रच दिसत नाही, फक्त नाळेतल्या प्रवाहाची लहर आणि आवाज. सिस्टरला शिकवलं तर ती वापरू शकते. धोका नसलेल्या ७ हजारांवर गर्भवतींवर ते पाच देशांत वापरून पाहिलं, त्यात भारत होता आणि संशोधकांत आमच्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे लोक होते. सुमारे ७ टक्के जणींत आकडा बिघडलेला सापडला. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे फिरतं सोनोग्राफी मशीन हा आपल्याकडे काळजीचा विषय आहे, आणि ती काळजी रास्त आहे. ज्या यंत्रात मुलगा-मुलगी दिसूच शकत नाही, ते उपकेंद्रापर्यंत न्यायचा विचार म्हणूनच गांभीर्यानं व्हावा असं मला वाटतं.

मी निपाणीकडची. तंबाखूच्या वासात वाढले. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मांडीवरचं सूप, कात्रीनं कापलेली पानं, पोटाशी टेकलेलं ते सगळं, हे माझ्या डोळ्यांसमोर कायम आहे. सकाळी तव्यावर भाजलेली मशेरी बोटानं दातांना लावल्याशिवाय आमच्या आळीत दिवस उजाडत नसे, गरोदर बाईचाही नाही. मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. विडी ओढत नाही म्हणजे आपण तंबाखू घेत नाही, असं त्या बायका मनापासून समजतात. "तंबाखू खातेस का?" असं मी विचारत नाही. "मशेरी लावतेस का?" असं विचारते, तेव्हा खरं उत्तर येतं.

उपाय असा फारसा हातात नाही, हे खरं आहे. बिघडलेली वार दुरुस्त करणारं औषध नाही. पहिलटकरणींना सहाव्या ते तेराव्या आठवड्यात कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करून सहा देशांत जवळपास १२ हजार बायकांवर चाचणी झाली. तिच्या भारतातल्या दोन जागांपैकी एक बेळगाव. २०२० मध्ये निष्कर्ष आले, त्यात वेळेआधीची बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी झाली होती. ही गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, पण आपल्याला ती लागू आहे का, हे तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरांना विचारायला हवं. त्यासाठी त्याआधी दवाखान्यात पोचायला हवं. पुन्हा तीच पहिली भेट, तोच कागद.

आणि पुढची भेट. डॉप्लरचा रिपोर्ट फार दिवस शिळा चालत नाही. आज सरळ आलेली लहर आणखी पंधरा दिवसांनी सरळ असेलच असं नाही. बिघडलेली असेल तर दोन दिवसांनीही पाहावं लागतं. म्हणून रिपोर्टाबरोबर मी तायी कार्डावर पुढची तारीख मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिते, आणि ती ठरवताना आधी विचारते, तुमच्याकडे आठवडी बाजार कुठल्या वाराला? त्या दिवशी टेंपो, वडाप, बस, काहीतरी नक्की खाली येतं. जांबोटीच्या पुढे पावसात इतर दिवशी काय मिळेल याचा भरवसा नसतो. आशाताईचा नंबर लिहून घेते. आणि सासूला सांगते, पुढच्या वेळीही तुम्हीच या. ज्यांनी पहिली लहर पाहिली, त्यांना दुसरीतला फरक दाखवणं सोपं जातं.